पायल पीएला लागली

गुरुवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी तो मेल आला, तेव्हा पायल गांगुर्डेचे दोन्ही हात कणकेत होते. हात धुवायला बेसिनपर्यंत सहा पावलं जावं लागलं असतं. तेवढा धीर तिच्यात नव्हता. तिने मेल नाकाने उघडला.

नाक हे काही बोटाइतकं अचूक नसतं. आधी हवामानाचा अंदाज उघडला. मग एका लांबच्या मामाने पाठवलेला 'शुभ सकाळ'चा गुलाब उघडला आणि त्याला पायलकडून रडका चेहरा गेला. तिसऱ्या खेपेला मेल उघडला. अभिनंदन, प्रतीक्षा यादीतून बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट या अभ्यासक्रमासाठी आपली निवड झाली आहे. उद्या, शुक्रवारी, दुपारी तीन वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह माजिवडा, ठाणे येथील महाविद्यालयाच्या कार्यालयात हजर राहावे. न राहिल्यास जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.

पायलने जी किंकाळी मारली ती ऐकून मम्मी झाडू घेऊन धावत आली. तिला वाटलं पाल.

"झालं! मम्मी, माझं झालं!"

मम्मीने झाडू काखेत धरून मेल दोनदा वाचला. "हे 'न राहिल्यास' कशाला लिहिलंय? शुभ बोलायला काय होतं यांना?"

नीटच्या दोन परीक्षांनी पायलला दोनदा नीट परत पाठवलं होतं. त्यानंतरचं वर्ष ती डोंबिवलीतल्याच एका दवाखान्यात केसपेपर लिहीत होती, पट्ट्या बदलत होती. एकदा एका सुताराचा अंगठा फाटला होता आणि डॉक्टर म्हणाले, "कड धर गं जरा, हलवू नकोस." चार टाके पडेपर्यंत तिने कड धरली. सुतार बेशुद्ध पडला, सुताराचा मेहुणा बेशुद्ध पडला, पायलला मात्र भूक लागली. त्या दिवशी डॉक्टरांनीच तिला या कोर्सचं सांगितलं. डॉक्टर नाही, नर्स नाही. डॉक्टरच्या हाताखाली पेशंटची सगळी हकिकत विचारून घेणारा, तपासणारा, ऑपरेशनला शेजारी उभा राहणारा माणूस. तेव्हापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. नातेवाइकांना समजावता समजावता तिचा घसा बसला होता. सगळं ऐकून ते म्हणायचे, "म्हणजे कंपाउंडर."

पप्पांनी मात्र असं कधी म्हटलं नाही, कारण त्यांना तो शब्दच नीट लागला नव्हता. चांगदेव गांगुर्डे एमआयडीसीतल्या कंपनीत बावीस वर्षं बॉयलरवर होते. बॉयलरशेजारी ओरडून बोलायची सवय. घरात ते कुजबुजले तरी दोन मजल्यांवर कुकरच्या शिट्ट्यांची मोजणी चुकायची. बातमी ऐकून त्यांनी आधी बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, मग चप्पल न घालताच जिन्यात गेले. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी तानाजी मोरे पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघत उभे होते.

"तानाजीराव, पायल लागली!"

"अरे वा! कशाला लागली?"

"ते फिजि... फिजिश... पीए! पीएला लागली!"

तानाजीरावांनी व्हॉल्व्ह सोडला. महाराष्ट्रात पीए म्हटल्यावर माणूस व्हॉल्व्ह धरून उभा राहत नाही.

"पीए? कुणाची?"

चांगदेवांनी प्रामाणिकपणे विचार केला. कुठल्या डॉक्टरच्या हाताखाली जाणार, ते कोर्स संपल्यावर कळणार होतं. "ते अजून ठरायचंय."

"ठरायचंय म्हणजे? खातेवाटप अडलंय का?"

"चार वर्षांनी ठरतं ते."

तानाजीराव भिंतीला टेकले. "चार वर्षांनी? म्हणजे पुढच्या सरकारचा पीए आतापासून घेतला? आणि कोण मंत्री होणार ते पायलला आधीच माहीत?"

"तिला सगळं माहीत असतं हो," पप्पा अभिमानाने म्हणाले. "हुशार आहे."

संध्याकाळी पाचपर्यंत दाराबाहेर अकरा जोड चपला जमल्या होत्या.

पहिल्या शेवंतीकाकू. जावई गडचिरोलीला वनखात्यात, बदली बदलापूरला हवी. "काकू," पायल म्हणाली, "मी फक्त शिकायला जातेय."

"हो ना गं, आता पीएला पण शिकावं लागतं. पूर्वी नुसती ओळख पुरायची. काय दिवस आलेत!"

"तसलं पीए नाही हो. डॉक्टरांचं."

"आरोग्य खातं!" शेवंतीकाकूंनी मागे वळून रांगेला सांगितलं. "आरोग्य खातं मिळालंय!" रांगेतल्या दोघांनी लगेच अर्ज खोडून विषय बदलला.

दुसरे सहदेव पाटील. हे मूळ गावातले, सोसायटीच्या मागे त्यांची वडिलोपार्जित विहीर. त्यांना काही नको होतं. ते फक्त म्हणाले, "पोरी, आमच्या विहिरीवर ज्यानं पत्रा टाकलाय ना, त्याचं नाव मी तुला सांगत नाय. तू फक्त लक्षात ठेव." आणि चहा पिऊन निघून गेले. न सांगितलेलं नाव लक्षात कसं ठेवायचं, यावर पायल मिनिटभर विचार करत बसली. मग तिने नाद सोडला आणि मागच्या दाराने दवाखान्यात डॉक्टरांना बातमी सांगायला गेली. हे चुकलं.

कारण तेवढ्यात साईनाथ आला.

साईनाथ गेली अकरा वर्षं भावी नगरसेवक होता. त्याच्या गाडीवर तसं लिहिलेलं होतं, लग्नपत्रिकेतही तसंच छापलेलं होतं. अभिनंदनाचा फ्लेक्स लावायची कुठलीही संधी तो सोडत नसे. मागच्या महिन्यात त्याने एका म्हशीचं अभिनंदन केलं होतं.

"काका, ताईंचा एक फोटो द्या. उद्या सकाळी चौकात वीस फुटी."

चांगदेवांनी कपाटातून निळी फाईल काढली. आत पासपोर्ट फोटो होते. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, डोमिसाइल सगळं तिथेच होतं. फोटोंचं पाकीट उघडेना. आतली गोंदाची पट्टी कडक होती आणि चांगदेवांची बोटं बॉयलरची.

"अख्खी फाईलच ने बाबा. सकाळी आणून दे."

वीस फुटांच्या आनंदात ते हे कुणाला सांगायचंच विसरले.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता पायल कपाट उघडून उभी होती. निळी फाईल नव्हती. तिने कपाट बंद करून पुन्हा उघडलं. कपाटाने आपल्या निर्णयात बदल केला नव्हता.

"पप्पा. फाईल."

पप्पांच्या चेहऱ्यावर आठवणीचा काटा, बॉयलरच्या गेजसारखा, हळूहळू लाल रेषेपर्यंत चढत गेला.

चौकात पोचल्यावर निदान फोटोचं काय झालं ते कळलं. फ्लेक्स वीस फुटी होता. चौदा फूट साईनाथ, फोन कानाला लावून चालताना. उरलेल्या सहा फुटांत पायल, अर्धवट मिटल्या डोळ्यांची, पासपोर्ट फोटो काढताना शिंक आलेली. खाली 'पी.ए. पदी निवड झाल्याबद्दल पायलताईंचे हार्दिक अभिनंदन'. मागे बॅकग्राउंड म्हणून डिझायनरने तिची बारावीची गुणपत्रिका पसरली होती.

रिक्षा स्टँडवरचा एक रिक्षावाला मान वर करून वाचत होता. "ताई, तुम्हीच का? फिजिक्सला जरा कमी पडलं."

"अठ्ठावन्न आहेत."

"दिसतायत ना. इथून दिसतायत."

साईनाथ कल्याणला मेळाव्यात होता. तिथे इतकी भाषणं चालू होती की साडेदहापर्यंत त्याने फोन उचलला नाही. उचलला तेव्हा मागून टाळ्या ऐकू येत होत्या. "फाईल? ती रतनकडे राहिली ताई. ठाण्याला, वर्तकनगर."

"डोंबिवलीत फ्लेक्सवाले नाहीत?" पायल ओरडली. वडिलांचा आवाज तिच्यातही होता, आजवर वापरायची वेळ आली नव्हती इतकंच.

"आहेत ना. पण केस फक्त रतनच लावून देतो."

साईनाथला टक्कल आहे हे पायलला त्या क्षणी आठवलं. फ्लेक्सवरच्या साईनाथची झुलपं वाऱ्यावर उडत होती.

पप्पांनी रजा टाकली आणि स्कूटर काढली. मम्मीने खिडकीतून डबा फेकला. शिळफाट्याला कंटेनरांच्या रांगेत पाऊण तास गेला. एवढ्या वेळात पप्पा एकही शब्द बोलले नाहीत. बावीस वर्षांतली ती त्यांची सगळ्यात लांब शांतता होती. मुंब्र्याचा बायपास उतरताना पायलनेच त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "पप्पा, मिळेल फाईल. रडू नका, पुढचं दिसणार नाही."

"रडत नाही. हेल्मेटची काच खराब आहे."

काच वर केलेली होती.

वर्तकनगरला रतनचं दुकान सापडेपर्यंत साडेबारा झाले. रतन म्हणजे चष्मा लावलेला अतिशय सज्जन माणूस होता, आणि गोंधळ खरा तिथेच होता. त्याने निळी फाईल दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी पुढे केली.

"पीए मॅडम ना? सगळं जपून ठेवलंय. तुमचा दाखला पार घडीवर फाटायला आला होता. म्हटलं, मोठ्या माणसाचा दाखला, असा कसा द्यायचा? लॅमिनेट करून दिलाय. माझ्यातर्फे."

शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकमध्ये चकाकत होता. चारही कोपरे गोल कापलेले.

"सगळेच करणार होतो," रतन खिन्नपणे म्हणाला, "पण मशीन तापून बंद पडलं."

पायलने मेलखालच्या सूचना उघडल्या. क्रमांक अकरा. लॅमिनेट केलेली मूळ कागदपत्रे कोणत्याही परिस्थितीत स्वीकारली जाणार नाहीत.

"नवीन दाखला काढता येईल," पप्पा म्हणाले.

"शाळा डोंबिवलीत आहे पप्पा. आणि नवीन दाखल्याला आठ दिवस लागतात."

रतनने हळूच दुकानाचा पंखा वाढवला. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

माजिवड्याच्या कार्यालयात पोचले तर जेवणाची सुट्टी. खिडकी दोन वाजून दहा मिनिटांनी उघडली. आत शुभदा मॅडम होत्या. त्यांनी गुणपत्रिका पाहिल्या, जातीचा दाखला पाहिला, डोमिसाइल पाहिलं. मग दाखला उचलून उजेडात धरला. तो उजेडात फारच सुंदर दिसत होता.

"हे काय?"

"लॅमिनेशन, मॅडम."

"ते मला कळतं. मागे आमचा शिक्का आणि शाईने प्रवेशाचा नंबर टाकावा लागतो. प्लॅस्टिकवर शाई धरते?"

"नाही मॅडम."

पप्पा खिडकीत वाकले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे कुजबुजले. रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बसलं. "मॅडम, मुलगी पीए आहे!"

"कुणाची?"

"अजून ठरायचंय."

"पप्पा!" पायल म्हणाली. "मॅडम, मी कुणाचीच पीए नाही. ज्यांनी लॅमिनेट केलं, त्यांना तसं वाटलं म्हणून त्यांनी केलं. मला फक्त हा कोर्स करायचाय. तीन वाजेपर्यंत मी हे प्लॅस्टिक काढलं तर चालेल का?"

शुभदा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे मंत्र्यांच्या ओळखी सांगणारे पुष्कळ आले होते. मी कुणाचीच नाही असं सांगणारी ही पहिली.

"अक्षर गेलं तर दाखला बाद. शाळेची सही गेली तर बाद. मग मी काही करू शकत नाही, माझ्यासमोर रडायचं नाही. टेबल ते तिथं आहे."

टेबलाजवळच्या बाकावर एक बाई आणि त्यांचा मुलगा बसले होते. बाईंच्या मांडीवर पारदर्शक फाईल होती, आतली कागदपत्रं कोरी करकरीत, एकही लॅमिनेट केलेलं नाही. हा यादीतला पुढचा उमेदवार, विनीत. तीन वाजण्याची वाट बघत दोघं सकाळपासून बसले होते. बाईंच्या मनात जे होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर अगदी ठळक दिसत होतं, इथून रिक्षा स्टँडपर्यंत वाचता आलं असतं.

मुलगा मात्र उठून टेबलाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "निघेल ना?"

"माहीत नाही."

"निघालंच पाहिजे हो. नाही निघालं तर मला ॲडमिशन घ्यावी लागेल."

पायलने त्याच्याकडे पाहिलं.

"मला रक्त बघवत नाही. टोमॅटो कापला तरी मी बाहेर जातो. मला बेकरीचं शिकायचंय. आई ऐकत नाही. काय लागेल ते सांगा, मी आणतो. ब्लेड? टॉर्च?"

"नवीन ब्लेड. आणि काहीतरी गरम. इस्त्री असेल तर बरं."

दोन मिनिटांत विनीत ब्लेड घेऊन आला. इस्त्री मिळाली नव्हती. त्याऐवजी त्याने खालच्या टपरीवरून चहाची भरलेली किटली आणली होती, चहावाल्यासकट. किटली टपरी सोडून जाणार नाही या अटीवर ती वर आली होती, म्हणून चहावाला स्वतःला टपरी समजून शेजारी उभा राहिला.

दोन वाजून तेवीस मिनिटं.

दवाखान्यात पायलने शेकडो चिकटपट्ट्या काढल्या होत्या. केसाळ हातांवरच्या, म्हाताऱ्यांच्या कागदासारख्या कातडीवरच्या. वर ओढायचं नाही. ऊब द्यायची, कड सोडवायची, पट्टी उलटी दुमडून कातडीच्या अगदी लगत मागे न्यायची आणि दुसऱ्या बोटाने कातडी दाबून धरायची. कागद म्हणजे तरी काय? न ओरडणारा पेशंट.

तिने ब्लेडने चारही कडा चिरल्या. रुमाल पसरून त्यावरून किटलीचा तळ हळूहळू फिरवला, इस्त्रीसारखा. वीस आकडे मोजले. कोपरा उचलला.

"कड धर," ती म्हणाली. "हलवू नकोस."

विनीतने दोन बोटांनी कड धरली आणि श्वास रोखला. मागची बाजू बहुतेक कोरीच होती. ती अडीच वाजता सुटली, सापाच्या कातीसारखी, एकसंध. पप्पांनी टाळ्या वाजवल्या. शुभदा मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "शांतता."

पुढच्या बाजूला सगळं छापलेलं. नाव सुटलं. आईचं नाव सुटलं. धर्म, जात, राष्ट्रीयत्व, तिन्ही एकाच ओळीत, बिनबोभाट सुटले. जन्मतारखेपाशी प्लॅस्टिक अडकलं. साल दोन हजार पाच. त्यातला पाच कागद सोडून प्लॅस्टिकबरोबर वर यायला लागला.

"ताई, पाच चाललाय," विनीतचा आवाज चिरकला. "तुम्ही दोनशे सालच्या होताय."

"बोलू नकोस. किटली."

पायल थांबली. तिने प्लॅस्टिक परत खाली टेकवलं, ऊब दिली. पुन्हा वीस आकडे. या वेळी दुसऱ्या बाजूने, इतकं सावकाश की हलतंय की नाही तेही कळू नये. खोलीत कोणी हलत नव्हतं. शुभदा मॅडम खिडकी सोडून टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी न सांगता मोबाइलचा टॉर्च लावून धरला. विनीतची आईसुद्धा उठून उभी राहिली होती. आपण कुणाच्या बाजूने आहोत हे ती काही क्षण विसरली असावी, कारण ती पुटपुटली, "खालून घे गं, खालून."

पाच कागदावर बसला. डोकं जरा फिकं झालं, पण पाचच.

मग शेरा सुटला. वर्तणूक, चांगली. मग मुख्याध्यापकांची सही, लांबलचक शेपटीची. ती शेपटी सुटायला चार मिनिटं लागली. दोन वाजून चोपन्न मिनिटांनी प्लॅस्टिकचा तुकडा पूर्ण पायलच्या हातात आला. दाखला टेबलावर उघडा पडला होता, घडीवर तसाच फाटायला आलेला, थोडासा चहाचा वास येणारा.

शुभदा मॅडमनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. नखाने पाच तपासला. मग जागेवर जाऊन बसल्या, शाईचं पॅड उघडलं आणि दाखल्याच्या मागे शिक्का मारला. तो आवाज पप्पांच्या बॉयलरपेक्षा मोठा होता, असं पप्पांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"प्रवेश क्रमांक एकोणतीस."

विनीतने आधी उडी मारली. मग त्याने चहावाल्याला मिठी मारली, पप्पांना मिठी मारली आणि आईला मिठी मारायला गेला तेव्हा तिने फाईल मध्ये धरली.

"घरी चल तू," ती म्हणाली. "बेकरी काय, बेकरी!" पण मग पायलकडे वळून, जरा रागातच, म्हणाली, "हात छान आहे तुझा."

पप्पा मम्मीला फोन लावत होते. खरं म्हणजे फोनची गरज नव्हती.

"इथे सही कर," शुभदा मॅडमनी रजिस्टर फिरवलं.

पायलने पेन घेतलं. अर्धा तास एका केसाएवढाही न हललेला तिचा हात आता थडथड उडायला लागला. पेनचं टोक रकान्याच्या डावीकडे पडलं, मग उजवीकडे. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आता दोन्ही हात उडायला लागले. तिला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं.

"सॉरी मॅडम, एक मिनिट. एकच मिनिट."

"घाई नाही," शुभदा मॅडम घड्याळाकडे न बघता म्हणाल्या आणि चहावाल्याला बोटांनीच दोन कप भरायची खूण केली. "रजिस्टर इथेच आहे. आणि तूही आता चार वर्षं इथेच आहेस."